दुकानात चालायची, घरी नाही

आमच्या घरी कॉम्प्युटर आला तेव्हा राज्य नवं होतं आणि माझी नोकरीही नवी होती. रायपूर राजधानी झाली म्हणजे नेमकं काय झालं, हे आम्हाला आधी पाट्यांवरून कळलं. समता कॉलोनीत ज्या बंगल्यांवर कालपर्यंत डॉक्टरांच्या नाहीतर वकिलांच्या पाट्या होत्या, तिथे एकेक करून संचालनालयांच्या पाट्या लागल्या. मला जिथे डाटा एन्ट्रीची जागा मिळाली तेही ऑफिस अशाच भाड्याच्या बंगल्यात होतं. साहेब दिवाणखान्यात बसत, भोपाळहून आलेल्या फायलींच्या पेट्या झोपायच्या खोलीत, आणि आम्ही दोघी ऑपरेटर स्वयंपाकघरात. आमचे कॉम्प्युटर ओट्यावर मांडलेले होते. सिंकवर फळी टाकून तिच्यावर प्रिंटर ठेवला होता.

मी दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसते, एवढ्यावरून तात्यापाऱ्यातल्या आमच्या गल्लीत मी जाणकार ठरले होते. खरं म्हणजे मला हिंदी टायपिंग यायचं आणि तक्ते भरता यायचे. मशीन अडलं की मीही इतरांसारखं ते बंद करून पुन्हा चालू करायचे.

घरचा कॉम्प्युटर मी माझ्यासाठी घेतला होता, पण तो बाबांचा झाला. बाबा रेल्वेत मालगाडीचे गार्ड होते. सगळी नोकरी त्यांनी गाडीच्या शेवटच्या डब्यात काढली. रिटायर झाल्यावर पहिलं वर्ष ते नुसते दारात खुर्ची टाकून बसायचे आणि कुठून शिटी ऐकू आली की घड्याळाकडे बघायचे. मग त्यांच्या एका जुन्या सोबत्याच्या जावयाने त्यांना एक सीडी दिली. तिच्यात आगगाडी चालवायचा खेळ होता. परदेशातले रूळ, दोन्ही बाजूंना बर्फ, उंच उंच झाडं आणि समोर इंजिनाची काच. खाली वेगाचा काटा, ब्रेकचा दांडा आणि पुढे येत जाणारे सिग्नल. बाबांनी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा चष्मा काढून पुसला आणि परत लावला.

"पुढून अशी दिसते गाडी," ते आईला म्हणाले. "मी तं जिंदगीभर मागूनच पाहिली."

या खेळात त्यांचा एक जोडीदार होता. त्यांना मी ड्रायव्हर काका म्हणायचे. छत्तीसगढी माणूस, उंच, हाडापेराने मोठा. बाबांच्या कितीतरी गाड्यांना इंजिनात तेच असायचे. इंजिनात ते, शेवटच्या डब्यात बाबा आणि मध्ये कोळशाच्या वॅगनींची रांग. बोलणं व्हायचं ते वॉकीटॉकीवर. भेट व्हायची ती रनिंग रूममध्ये, जिथे ड्यूटी संपवून आलेले लोक झोपतात आणि जेवतात. दोघं एकाच ताटात जेवायचे, असं आई सांगायची. एकदा रनिंग रूममधून बाबांच्या सामानाच्या पेटीत चुकून काकांचा गंजीफ्रॉक आला होता आणि तो बाबांना पार गुडघ्यापर्यंत आला, हेही ती सांगायची.

काका रिटायर झाले आणि थोड्याच दिवसांत त्यांना लकवा मारला. हात-पाय हळूहळू बरेचसे सुधारले, काठी घेऊन चालता यायला लागलं. पण बोलणं गेलं. राहिला तो एकच शब्द, 'हव'. आमच्याकडे छत्तीसगढी माणूस 'हो'च्या जागी म्हणतो तो. चहा घेणार का, हव. बरं वाटतं का, हव. नाही म्हणायचं असलं तरी तोंडातून हवच निघायचं, आणि मग ते स्वतःवरच चिडून जोरजोरात मान हलवायचे. त्यांना सगळं कळत होतं. तेच पाहणाऱ्याला जड जायचं.

दुपारी जेवणं झाली की सायकलरिक्षा काकांना आमच्या दारात सोडायची. बाबा त्यांना हाताला धरून आत आणायचे. कॉम्प्युटरसमोर दोन खुर्च्या असत. उजव्या खुर्चीवर बाबा, कारण कीबोर्ड त्यांच्याकडे. डावीकडे काका. काका डाव्या हाताने खुणा करायचे. तळहात खाली दाबला की वेग कमी, बोटं वर उचलली की वाढव. बाबा एखाद्या शिकाऊ माणसासारखे ऐकायचे. वळणावर वेग जास्त झाला तर काका त्यांच्या खांद्यावर चापट मारायचे.

आणि मग एका संध्याकाळी मी ऑफिसातून आले तर बाबा दारातच उभे होते.

"आज तो बोलला," ते म्हणाले.

"कोण?"

"कोण काय! सिग्नल आला समोर, तं म्हणे, हरियर. साफ बोलला. हरियर!"

हरियर म्हणजे हिरवा. इंजिनात सिग्नल दिसला की ड्रायव्हरने त्याचा रंग मोठ्याने म्हणायचा असतो. सोबतचा सहायकही तोच रंग म्हणतो, म्हणजे दोघांनी पाहिला याची खात्री होते. काकांनी आयुष्यभर ते केलं होतं. मेंदूच्या ज्या कोपऱ्यात ते जाऊन बसलं होतं तिथपर्यंत बहुधा लकवा पोचला नव्हता. त्यानंतर अधूनमधून तो शब्द येऊ लागला, मग 'लाल'ही आला. घरी मात्र काही नाही. घरी हवच.

असं सगळं सुरळीत चाललं असताना कॉम्प्युटरला व्हायरस लागला. पडद्यावर आपोआप खिडक्या उघडायच्या आणि मशीन मधेच बंद व्हायचं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक दुकान होतं. मालक पूर्वी टीव्ही दुरुस्त करायचे, आता कॉम्प्युटर करत. जाड भिंगाचा चष्मा, बोलणं मवाळ. सगळे त्यांना भैया म्हणत. भैयांनी मशीन नेलं, गाणी-फोटो बाजूला काढून बाकी सगळं पुसून नव्याने टाकलं, खेळही पुन्हा बसवून दिला आणि चालवून दाखवला.

मशीन घरी आलं. त्या दिवसांत मी बाबांना देवनागरीत टायपिंग शिकवत होते. ऑफिसात कॉम्प्युटरवर कुठेही देवनागरी लिहायची नवी सोय नुकतीच आली होती, तीच मी घरी करून दिली. कीबोर्डवर अक्षरांचे छोटे स्टिकर लावले होते. बाबांना त्याचं फार अप्रूप. कॉम्प्युटर सुरू झाला की ज्याचं त्याचं खातं विचारतो, तिथे भैयांनी दुकानाच्या नावाने एक खातं करून ठेवलं होतं. बाबा म्हणाले, "मशीन आपलं अन् नाव दुकानाचं? माह्या नावाचं बनव." मी नवं खातं उघडलं, आणि नाव त्यांनी स्वतः लिहिलं. एका बोटाने, एकेक मात्रा शोधत. आपलं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, पूर्ण. मग मागे टेकून किती तरी वेळ पडद्याकडे बघत बसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी काका आले आणि खेळ सुरूच झाला नाही.

संध्याकाळी मी बघितलं. खेळाच्या चित्रावर दोनदा क्लिक केलं की बाण फिरायचा, सीडी घरघरायची, पडदा क्षणभर काळा व्हायचा आणि एक लहानशी चौकट यायची. चौकटीत बारीक इंग्रजी मजकूर. तो दिसला रे दिसला की बाबा 'ओके' दाबायचे.

"काय लिहिलं होतं?" मी विचारलं.

"लिहिलं असंन काहीतरी. ओके म्हणून राहिलं, तं दाबलं."

पुन्हा चालू करून मी मजकूर वाचला. फाइल लिहिता येत नाही, असं काहीसं होतं, आणि पुढे ती फाइल कुठे लिहायची तो लांबलचक पत्ता. त्यात मधेच काही प्रश्नचिन्हं होती. कॉम्प्युटरच्या मजकुरात अशी चिन्हं नेहमीच असतात असं समजून मी ती सोडून दिली. लिहिता येत नाही म्हणजे जागा संपली असणार, असा माझा हिशेब. मी गाणी पुसली, लग्नांचे फोटो सीडीवर टाकून मोकळी झाले. जागा भरपूर झाली. खेळ तसाच अडून राहिला.

मग आईने तिचं मत दिलं. "कूलर त्याच्या बाजूले आहे. ओल गेली असंन आत." कूलर दुसऱ्या खिडकीला गेला. त्या उन्हाळ्यात आम्ही दोन रात्री तळमळत काढल्या आणि तो परत जागेवर आला.

बाबांनी रिक्षात मशीन घालून भैयांकडे नेलं. भैयांनी तारा जोडल्या, मशीन सुरू केलं, खेळावर क्लिक केलं, आणि गाडी सुरू झाली. बर्फ, झाडं, सिग्नल, सगळं. बाबांनी आनंदाने मशीन घरी आणलं. घरी क्लिक केलं. चौकट. ओके. बंद.

परत दुकानात. परत चाललं. परत घरी. बंद.

"अंकल, मेरे यहाँ तो मक्खन चल रहा है," भैया म्हणाले. तेही गोंधळले होते. कुणी गिऱ्हाईक असं सांगत आलं तर दुकानदार त्याला वेडं ठरवतो, पण भैयांनी तसं केलं नाही. ते स्वतः विचार करत बसले. शेवटी म्हणाले, "आपके घर की बिजली में कुछ है."

ते बाबांना पटलं. दुकानात चालतं, घरी चालत नाही, तर दोष घराचाच. त्यांनी वायरमन बोलावला. त्याने अर्थिंग तपासलं, बोर्ड उघडून पाहिला, एक सैल तार घट्ट केली. स्टॅबिलायझर लागला. वेगळ्या खोलीतल्या बोर्डावरून तार ओढून पाहिली, शेजाऱ्यांकडून ओढून पाहिली. शेजारी बिचारे खिडकीतून डोकं घालून विचारायचे, "हुआ क्या?" आणि बाबा मान हलवायचे. शेजाऱ्यांच्या विजेवरही गाडी हलेना.

या सगळ्यात काका रोज येतच होते. खेळ नाही म्हणून येऊ नको असं त्यांना कोण सांगणार? बाबा कॉम्प्युटर लावून ठेवायचे. पडद्यावर हिरव्या टेकडीचं चित्र असायचं. दोघं त्या टेकडीसमोर बसून राहायचे. बाबा बोलायचे, एकटेच. अमुक ठिकाणी रूळ तडकला होता तेव्हा, तमक्या साहेबाने तेव्हा. काका म्हणायचे, हव. मग बाबांकडचं बोलणं संपायचं. एकदा मी सुटीच्या दिवशी घरी होते, तेव्हा पाहिलं. काकांनी डावा हात उचलला, टेकडीच्या चित्राकडे बोट केलं आणि तोंड उघडलं. काही तरी येऊ पाहत होतं. आलं नाही. त्यांनी हात मांडीवर ठेवला आणि रिक्षावाला यायच्या आधीच उठून उभे राहिले.

त्यानंतर ते यायचे बंद झाले.

बाबा दोनदा त्यांच्याकडे जाऊन आले. काका भिंतीकडे तोंड करून पडलेले होते, एवढंच त्यांनी सांगितलं. मग एका संध्याकाळी काकी आल्या. आमच्या घरी त्या फारशा येत नसत. डब्यात बेसनाची तळलेली ठेठरी घेऊन आल्या होत्या. डबा आईच्या हातात दिला आणि माझ्याजवळ खाली बसल्या.

"बेटी, ओ रेलगाड़ी वाला खेल बन जाही का?"

मी म्हटलं, प्रयत्न चालू आहे काकी.

"घर म तो कुछु नइ बोलय," त्या म्हणाल्या. "तुँहर घर म दू-चार शब्द बोलत रहिस." घरी तर ते काहीच बोलत नाहीत, तुमच्याकडे येऊन दोन-चार शब्द तरी बोलत होते. एवढं सांगताना त्यांनी पदर तोंडाला लावला, पण रडल्या नाहीत. आई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. बाबा आतल्या खोलीत होते. त्यांनी ऐकलं असावं, कारण त्या रात्री ते जेवायला बसले ते नुसता भात चिवडून उठले.

"तू ऑफिसात एवढे मशीन पाहतेस," ते मला म्हणाले. रागावून नाही, विनवणीच्या सुरात. बाबा माझ्याशी त्या सुरात कधी बोललेले मला आठवत नाहीत. "विचारून पाय नं कोणाले. त्याचं तोंड बंद होऊन राहिलं, पोरी."

मी ऑफिसात विचारलं. एकाने सांगितलं सीडी खराब, दुसऱ्याने सांगितलं मशीन जुनं. दोन्ही उत्तरं भैयांच्या टेबलावर खोटी ठरत होती. तिथे तर याच सीडीवर हेच मशीन चालत होतं.

उलगडा झाला तो भलत्याच कामात. माझ्यासोबत स्वयंपाकघरात बसणारी दुसरी ऑपरेटर भोपाळची होती, माझ्यापेक्षा वयाने मोठी. मी तिला दीदी म्हणायचे. साहेबांनी सगळ्या फायलींची एक प्रत काढून ठेवायला सांगितली होती. प्रत काढायचा जो प्रोग्रॅम होता तो खूप जुना होता. दीदीने नव्या सोयीने आपल्या एका फोल्डरला हिंदीत नाव दिलं होतं. प्रोग्रॅम त्या फोल्डरपाशी आला आणि अडला.

"ये देखो," दीदी हसत म्हणाली. "मेरा फोल्डर तो सवाल ही सवाल हो गया."

मी वाकून पाहिलं. पडद्यावर जिथे हिंदी नाव असायला हवं होतं तिथे ओळीने प्रश्नचिन्हं होती. जुन्या प्रोग्रॅमला आपली अक्षरं वाचताच येत नव्हती. जे वाचता येत नाही तिथे तो प्रश्नचिन्ह टाकत होता आणि मग त्या नावाचा फोल्डर सापडत नाही म्हणून थांबत होता. दीदीने नाव बदलून इंग्रजी अक्षरांत लिहिलं. प्रत निघाली.

मी तिथेच खुर्चीवर बसले. आमच्या घरच्या चौकटीतली प्रश्नचिन्हं डोळ्यांपुढे आली. फाइल लिहायचा जो पत्ता होता त्यात खात्याचं नाव येतं. दुकानात भैया आपल्या खात्यातून आत जात होते, ज्याचं नाव इंग्रजीत होतं. घरी बाबा स्वतःच्या नावावर क्लिक करत होते. वीज, कूलर, सीडी, कशाचाच दोष नव्हता. खेळ आपल्या आठवणी ठेवायला बाबांच्या नावाचं दार शोधत होता, आणि ते नाव त्याला वाचता येत नव्हतं.

संध्याकाळी घरी गेले ती चप्पल न काढता कॉम्प्युटरपाशी.

"बाबा, लावा खेळ. आणि चौकट आली की ओके दाबू नका."

चौकट आली. मी बोटाने दाखवलं. प्रश्नचिन्हं, मध्ये एक मोकळी जागा, परत प्रश्नचिन्हं, परत मोकळी जागा, परत प्रश्नचिन्हं. बाबांचं नाव, आजोबांचं नाव, आडनाव.

मी त्यांना समजावून सांगितलं.

"म्हणजे माह्या नावानं अडवली गाडी," ते म्हणाले.

"नावाने नाही बाबा. त्या खेळाला आपली लिपी येत नाही. दोष त्याचा आहे."

"त्याचाच असंन," ते म्हणाले. पण त्यांचा चेहरा उतरला होता. मग आईकडे वळून म्हणाले, "रेल्वेत सगळ्या कागदांवर इंग्रजीत सही केली मी. इथं म्हटलं आपल्या अक्षरात लिहावं, तं हे."

आई म्हणाली, "तुमचं नाव तुमच्याच जवळ आहे. त्या खेळाले नाही वाचता आलं तं नाही आलं. तुम्ही काहून उदास होता?"

मी खात्याचं नाव बदलून इंग्रजीत केलं. वाटलं, झालं. खेळ लावला. चौकट आली, आणि प्रश्नचिन्हं जशीच्या तशी. बाबांनी खुर्ची थोडी मागे सारली. मी डोकं धरून बसले. मग लक्षात आलं की आपण पाटी बदलली, खोली तीच आहे. नाव बदललं तरी कॉम्प्युटरने आत बनवलेला फोल्डर जुन्याच नावाचा राहिला होता. नव्याने खातं उघडायला हवं होतं, पहिल्यापासून इंग्रजी अक्षरांत.

"बाबा, दुसरं खातं बनवते. तुमचंच नाव इंग्रजीत टाकू?"

त्यांनी मान हलवली. "माह्यं आहे तसंच राहू दे. मी त्यात फोटो पाहीन, चिठ्ठ्या लिहीन. हे नवं त्याच्या नावानं कर. इंजिन त्याचंच आहे."

मी जुनं नाव परत देवनागरीत केलं, आणि मग काकांच्या नावाने नवं खातं उघडलं. त्यातून आत गेले. चित्रावर दोनदा क्लिक केलं. बाण फिरला, सीडी घरघरली, पडदा काळा झाला. बाबांचं बोट सवयीने ओकेच्या दिशेने निघालं होतं, ते मी धरलं. काळा पडदा नेहमीपेक्षा जास्त वेळ राहिला, आणि मग इंजिनाची काच उघडली आणि समोर बर्फ.

बाबांनी उठून शर्ट घातला.

"आत्ता कुठं जाता?" आईने विचारलं.

"सांगून येतो त्याले."

काका दुसऱ्या दिवशी यायला तयार झाले नाहीत. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. एकदा निराश झालेला माणूस सहजासहजी पुन्हा उठत नाही. बाबा रोज दुपारी जाऊन त्यांच्या खाटेपाशी बसत. रविवारी काकी स्वतः त्यांना रिक्षात घालून घेऊन आल्या. मी घरीच होते. काकांची दाढी वाढलेली होती. ते डाव्या खुर्चीवर बसले, पण पडद्याकडे न बघता खिडकीबाहेर बघत राहिले.

बाबांनी कॉम्प्युटर लावला. खात्यांच्या यादीत काकांचं नाव आलं.

"ये देखो," बाबा त्यांना हिंदीत म्हणाले. "नाम पढ़ो. किसका है?"

काकांनी मान वळवली. इंग्रजी अक्षरं ते सावकाश वाचत गेले, ओठ हलले. मग बाबांकडे पाहिलं.

"तेरी गाड़ी है भाई. मैं तो गार्ड हूँ," बाबा म्हणाले.

गाडी निघाली. पहिले दोन सिग्नल असेच गेले. काका काही म्हणाले नाहीत, हातानेही नाही. बाबांनी माझ्याकडे एकदा चोरून पाहिलं. काकी दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या, आत येत नव्हत्या. डोंगरातला उतार लागला. गाडी वेग घेऊ लागली. बाबा मुद्दामच ब्रेक लावत नाहीत, असं मला वाटलं. पुढे विचारलं तर म्हणाले, मी घाबरून विसरलो होतो. बोगद्यातून बाहेर पडताच समोर सिग्नल दिसला.

काकांचा डावा हात झपकन आला आणि त्यांनी बाबांचं मनगट पकडलं.

"लाल!" ते म्हणाले. आणि मग, जोरात, "रोक! रोक न!"

'रोक' हा शब्द त्यांच्या तोंडून लकव्यानंतर कुणीच ऐकला नव्हता. बाबांनी ब्रेक दाबला तो दाबूनच धरला. गाडी सिग्नलच्या अलीकडे उभी राहिली.

"रोकी, रोकी भाई," बाबा म्हणत होते. "देख, रुक गई."

आई कणकेच्या हातांनी बाहेर आली होती. काकी आता आत आल्या, काकांच्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या आणि त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. काकांनी तो हात झटकला. सिग्नल अजून लाल होता आणि त्यांचं लक्ष तिथे होतं.

यानंतर काही चमत्कार झाला असं नाही. काका पूर्वीसारखे बोलायला कधीच लागले नाहीत. काकी त्यांना मोठ्या दवाखान्यात बोलणं शिकवणाऱ्या बाईंकडे नेऊ लागल्या. त्या बाईंनी सांगितलं की खेळ सोडू नका, आणि गाणी म्हणायला लावा, मोजायला लावा. जे तोंडात आपोआप येतं ते आधी येऊ द्या. हळूहळू पंधरा-वीस शब्द झाले. काकींचं घरचं नाव त्यांना म्हणता येऊ लागलं. रिक्षावाल्याला 'कल' म्हणता येऊ लागलं, म्हणजे उद्या ये. आणि 'नइ' आलं, ज्याची त्यांना सगळ्यात जास्त गरज होती. पहिल्यांदा नाही म्हणता आलं तेव्हा त्यांनी दिवसभर सगळ्यालाच नाही म्हटलं, जेवणालासुद्धा, आणि काकी रागावल्या नाहीत.

भैयांना मी जाऊन खरं कारण सांगितलं. त्यांनी चष्मा वर सरकवला आणि कपाळावर हात मारला. पुढे कुणाचं मशीन दुरुस्त करायला आलं की ते आधी विचारत, घर में किसके नाम से खोलते हो? बाबांनी गल्लीतल्या त्या शेजाऱ्यांकडेही जाऊन सांगितलं की तुमच्या विजेचा दोष नव्हता. त्यांनी तसं कधी मनातही आणलं नव्हतं.

काही वर्षांनी काकांचा मुलगा आई-वडिलांना बिलासपूरला घेऊन गेला. तो तिथे रेल्वेत होता, क्वार्टर मोठं होतं. निघायच्या आधी बाबांनी सगळा कॉम्प्युटर, सीडीसकट, त्यांच्या सामानात चढवला. मी अडवलं नाही. माझं ऑफिस तोवर बंगल्यातून हलून तेलीबांध्याच्या पलीकडे नव्या इमारतीत गेलं होतं, आणि घरी काम आणायची गरज राहिली नव्हती.

बाबा महिन्या-दोन महिन्यांनी पॅसेंजरने बिलासपूरला जायचे आणि संध्याकाळी परत यायचे. आल्यावर हात-पाय धुऊन बसले की आई विचारायची, कसे आहेत? "वजन वाढलं त्याचं," ते सांगायचे, किंवा "नातू मशीनवर बसू देत नाही त्याले." घरात त्या टेबलाच्या जागी आईने शिवणयंत्र मांडलं. गल्लीतल्या बायका साड्यांना फॉल लावायला देऊन जात. दुपारी यंत्राचा आवाज सुरू झाला की बाबा पेपर घेऊन तिच्याजवळ खुर्ची ओढायचे, आणि तो आवाज थांबेल तेवढ्या वेळात एखादी बातमी वाचून दाखवायचे.